मंगळसूत्र कुठल्या खात्यावर लिहायचं?



यंदा दशलक्षण पर्वात सूनबाई चार दिवस घरी होती. पुण्याहून आली ती ऑफिस पाठीवर घेऊनच. उत्तम त्यागाच्या दिवशी सूर्यास्ताआधी जेवणं उरकून आम्ही दोघी मंदिरात गेलो. आरती झाली, प्रवचन ऐकलं. घरी आल्यावर मी वाती वळत बसले आणि तिनं लॅपटॉप उघडला.

थोड्या वेळानं म्हणाली, "आई, एका मुलाचं काय करायचं ते उद्या लिहून द्यायचंय. ठेवायचा की जाऊ द्यायचा."

तिच्या हाताखाली नऊ जणं आहेत. हा मुलगा आठ महिन्यांपूर्वी लागलेला. जतकडच्या कुठल्याशा खेड्यातला. हिशेबाला पक्का, पण चारचौघांत तोंड उघडत नाही, इंग्रजी बोलताना अडखळतो. त्यात दोन मोठ्या चुका झालेल्या. तिच्यासमोर जो तक्ता होता त्यात एक रकाना होता, 'या व्यक्तीच्या प्रगतीसाठी तुम्ही काय केलंत?' तो रिकामाच होता.

मी विचारलं, "जेवतो कुठं गं तो?"

ती हसली. "आई, हे ऑफिसात विचारत नाहीत."

नसतील विचारत. पण आपल्याच भागात एक फार मोठं काम नेमक्या याच प्रश्नापासून सुरू झालं होतं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, रयतच्या शाळेत शिकलेले. त्यामुळे ती हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या रात्री सूनबाईला सांगितली, ती आज तुम्हालाही सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. माझी गोष्ट मात्र थोडी त्यांची आणि जास्त लक्ष्मीबाईंची आहे.

भाऊरावांचा, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांचा, जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. आपण बाहुबलीच्या दर्शनाला जातो तेच कुंभोज. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, जैन. शिकायला कोल्हापूरला आले आणि आपल्याच समाजाच्या बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तेव्हा अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला सांगितलं, आंघोळ करून आत ये. त्यानं आंघोळ करायला नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण ते बोर्डिंग आपलं होतं. पण आपला इतिहास सांगायचा तर गोड तेवढाच वेचून कसा चालेल?

मॅट्रिकची पायरी काही अण्णांना चढता आली नाही. साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, लोक 'पाटील मास्तर' म्हणू लागले. मग किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले.

या नांगरांची गोष्ट कामाच्या जागी माणसं कशी घडतात त्याच्याशीच जोडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलवला, तीच आपली किर्लोस्करवाडी. माळावर कुसळं आणि निवडुंग. शिकलेले कारागीर तिथं कुठून मिळणार? आजूबाजूच्या खेड्यांतली, शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं त्यांनी कामावर घेतली आणि कामातूनच शिकवली. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसावर राखणीचं काम विश्वासानं सोपवल्याची हकीकत आपल्याकडचे जुने लोक अजून सांगतात.

नांगर विकणं सोपं नव्हतं. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नुसतं बोलून ती जाणार नव्हती. शेतात नांगर चालवून दाखवावा लागे, पीक येईपर्यंत धीर धरावा लागे. मला वाटतं अण्णांनी पुढं जे केलं त्याचं निम्मं शिक्षण या फिरतीतच झालं. कोण कशाला भितो, कोण का बोलत नाही, हे बांधावर बसल्याशिवाय कळत नाही. आणि फिरता फिरता त्यांना गावोगावची पोरं दिसली. अंगात हुशारी आहे, पण शाळा नाही. शाळा असली तर तिच्या गावात राहायला जागा नाही, जेवायची सोय नाही.

एका गावात शाळेबाहेर बसलेला एक महार मुलगा त्यांना दिसला. आत बसायला त्याला मनाई होती. त्याला ते कोल्हापूरला घेऊन गेले आणि मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. ज्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून स्वतःला बोर्डिंग सोडावं लागलं होतं, तेच हे. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढं ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले.

४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहणार, एका चुलीवरचं जेवणार. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथं येऊन गेले. बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं ते तेव्हाच.

आता त्या चुलीकडं वळू.

लक्ष्मीबाई परंपरा पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. सोवळं-ओवळं, चौक्याचे नियम, पाण्याचं गाळणं हे सगळं त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं असणार. आपल्या सासवा-आज्जेसासवा आठवा, म्हणजे कल्पना येईल. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुणी यायचं आणि कुणी नाही, यावर घरातल्या बाईचा जीव अडकलेला असायचा. अशा बाईच्या घरात नवरा महार, मांग, रामोशी, मुसलमान, मराठा अशा सगळ्यांची मुलं घेऊन आला.

आपण इतिहासात लिहितो, 'अण्णांनी जातिभेद मोडला.' खरंच आहे. पण सभेत मोडणं वेगळं आणि रोज दोन वेळा ताटात वाढताना मोडणं वेगळं. ते दुसरं काम लक्ष्मीबाईंनी केलं. मुलांना जेवू घातलं, आजारी पडली तर उशाशी बसल्या. रयतेची माउली म्हणतात त्यांना, ते उगीच नाही.

आपल्या शास्त्रात सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत. त्यात निर्विचिकित्सा आहे, म्हणजे किळस न करणं. वात्सल्य आहे. उपगूहन आहे, म्हणजे दुसऱ्याचं उणं चव्हाट्यावर न मांडणं. आणि स्थितिकरण आहे, घसरणाऱ्याला सावरून पुन्हा उभं करणं. दरवर्षी प्रवचनात आपण ही नावं ऐकतो आणि घरी येऊन भांड्यांना लागतो. लक्ष्मीबाईंनी ती भांड्यांतच पाळली.

बोर्डिंगात फुकट बसून कुणी खायचं नाही, ही शिस्त होती. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक, शेतातलं काम, सगळं मुलांनी वाटून घ्यायचं. पुढं संस्थेच्या इमारतींसाठीही मुलं राबली. 'कमवा आणि शिका' हे आज कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्याचं मूळ इथं आहे. मला यात विशेष वाटतं ते असं, की त्या पोरांना नुसती दया मिळाली नाही, जबाबदारी मिळाली. काल ज्याला शाळेच्या पायरीबाहेर बसवलं होतं, त्याच्या हातची भाकरी आज सगळे खात होते. त्या पोराच्या मनात काय उभं राहिलं असेल! नुसत्या 'तू हुशार आहेस' म्हणण्यानं ते झालं नसतं.

आणि मग तो दिवस. तुम्ही ऐकलेला असेल. अण्णा संस्थेच्या कामासाठी गावाला गेलेले. बोर्डिंगातलं धान्य संपलं. मुलं उपाशी राहणार. दागिने आधीच एकेक करून गेले होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्यावर धान्य आणलं. मुलं जेवली.

लहानपणी ही गोष्ट ऐकून माझे डोळे भरून यायचे. पण मी बी. कॉम. झालेली बाई. मोठेपणी एक वेगळाच प्रश्न पडला. हे मंगळसूत्र वहीत कुठल्या खात्यावर लिहायचं?

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, खर्च दोन प्रकारचा. ज्याचा फायदा वर्षाच्या आत संपतो तो महसुली खर्च. ज्याचा फायदा पुढं वर्षानुवर्षं मिळतो तो भांडवली. धान्य आणलं, चार दिवसांत पोरांनी खाऊन संपवलं. म्हणजे महसुली, त्या वर्षीच्या खर्चात गेलं, विषय संपला. पण ती पोरं? त्यांतली कितीतरी पुढं शिक्षक झाली, खेड्यात जाऊन त्यांनी शाळा चालवल्या. १९३५ मध्ये संस्थेनं साताऱ्यात शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालय काढलं, १९४० मध्ये फी न घेणारं हायस्कूल, १९४७ मध्ये कॉलेज. संस्थेतच शिकलेल्यांनी संस्थेचे आजीव सेवक व्हावं आणि तिचा गाडा ओढावा, अशी रीत अण्णांनी घातली. अण्णांच्या छायेत वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मग ते धान्य भांडवली नव्हतं तर काय होतं?

सूनबाई ऐकत होती. म्हणाली, "आई, आमच्याकडंही ट्रेनिंग खर्चातच धरतात. पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथंच. कारण माणूस ताळेबंदात दाखवता येत नाही. शिकवला आणि सोडून गेला तर?"

बरोबर आहे तिचं. मशीन आपल्या मालकीचं, म्हणून ते मालमत्तेत दाखवता येतं. माणूस कुणाच्या मालकीचा नसतो, म्हणून हिशेबवाले त्याला मालमत्ता म्हणत नाहीत. मला तर यात हिशेबाचा नियम कमी आणि अपरिग्रह जास्त दिसतो. ज्याला घडवलं तो माझा नव्हे. लक्ष्मीबाईंची पोरंही त्यांची नव्हती. शिकून जिकडंतिकडं पांगली. काही परत आली आणि आजीव सेवक झाली, काही आली नाहीत. परत येण्याच्या बोलीवर त्यांना भाकरी वाढली नव्हती. आपल्याला मुलं वाढवताना हे कळतं. ऑफिसात गेल्यावर मात्र आपण माणसाची पावती मागतो.

यावर ती जे बोलली त्यानं मी गप्प झाले.

"म्हणजे आई, मीही माझं मंगळसूत्र विकायचं का? नऊ जणांचं काम बघायचं, माझं स्वतःचं काम करायचं, घरी येऊन मुलीचा अभ्यास घ्यायचा, आणि वर या मुलाला शिकवायचं. त्याचा रकाना त्या तक्त्यात नाही. लक्ष्मीबाईंचं पुढं काय झालं?"

लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. १९३५ चं अध्यापक विद्यालय त्यांनी पाहिलं नाही, १९४० चं हायस्कूल पाहिलं नाही. १९५९ मध्ये अण्णांना पद्मभूषण मिळालं, मॅट्रिक न झालेल्या माणसाला पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली, तेही त्यांनी पाहिलं नाही. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णाही गेले. संस्थेनं लक्ष्मीबाईंचा मान राखला, शाळांना त्यांचं नाव दिलं. पण सूनबाईचा प्रश्न खोटा नव्हता. बाईनं गळ्यातलं काढून दिलं की आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो आणि पुढच्या बाईच्या गळ्याकडं बघायला लागतो.

विचार करताना मला रयतचीच आणखी एक गोष्ट आठवली. मूठभर धान्याची. बाईनं जात्यावर बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं, ते घराघरांतून गोळा व्हायचं आणि मुलांच्या जेवणाला लागायचं. हजार घरांतून एकेक मूठ. कुणाची चूल विझत नाही आणि बोर्डिंगचीही विझत नाही. मंगळसूत्र ही अडचणीच्या दिवसाची गोष्ट झाली. संस्था वर्षानुवर्षं चालली ती मुठीवर, आणि मुलांनी काम वाटून घेतलं त्यावर.

म्हणून मी तिला म्हटलं, "विकू नकोस. मूठ काढ. आणि ती वहीत लिही."

तिच्या नऊ जणांपैकी प्रत्येकानं आठवड्यातला एक तास त्या मुलाला दिला, तर कुणाच्याच अंगावर येत नाही. बोर्डिंगातली मोठी मुलं लहानांना सांभाळत, तसंच हे. आणि तो तास कुठंतरी नोंदवला पाहिजे. नोंद नसली की काम दिसत नाही. काम दिसलं नाही की ते कुणा एकीच्याच गळ्यात पडतं. घरातही असंच होतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चुकांबद्दलही बोललो. मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मामंजींचं हळदीचं अडत दुकान होतं. सून बी. कॉम. आहे म्हणून त्यांनी दुकानाची रोजकीर्द माझ्या हातात दिली. पहिल्याच महिन्यात मी एका पानाची बेरीज पुढच्या पानावर चुकीची ओढली आणि महिनाभराचा मेळ बसेना. मी घाबरून रडवेली. मामंजींनी वही परत घेतली नाही. दिवाणजींनाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "चूक वहीतच आहे, कुठं पळून जात नाही. सावकाश शोध." मला दोन दिवस लागले. त्यानंतर पंचवीस वर्षं ती वही माझ्याकडं होती. उपगूहन आणि स्थितिकरण या शब्दांचा अर्थ मला प्रवचनात कळायच्या आधी त्या वहीत कळला.

आता माझी स्वतःची बाकी. ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडं स्वयंपाकाला मदत करायला एक मुलगी यायची. आठवीत शाळा सुटलेली. मी वही घेऊन बसले की ही चपात्या लाटता लाटता तोंडी बेरीज करून माझ्याआधी आकडा सांगायची. मी कौतुक करायचे. जुन्या साड्या द्यायचे, सणाला गोडधोड द्यायचे. ती एकदा म्हणाली, "काकू, मला वही शिकवाल?" मी म्हटलं, "बघू गं, दिवाळीनंतर." त्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. आहारदान मी भरपूर केलं. तिनं मागितलं होतं ज्ञानदान, आणि ते माझ्याकडं होतं. ज्या वहीनं मला उभं केलं, ती मी तिच्यापुढं सरकवली नाही. सूनबाईला रकाना रिकामा का म्हणून विचारणारी मी, माझाही रकाना रिकामाच होता.

हे मी तिला त्या रात्री सांगितलं. सासू-सुनेत अशी बोलणी रोज होत नाहीत. ती काही बोलली नाही, माझ्यासमोरच्या कापसातला थोडा घेऊन वाती वळत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तक्ता भरला. त्या रकान्यात लिहिलं, 'आजवर काहीही केलेलं नाही.' आणि खाली मागणी केली: सहा महिने मुदत, आठवड्याला नऊ तास, कोण कधी शिकवणार त्याची यादी. वरिष्ठांनी सहा नाही, तीन महिने मान्य केले. तेही काही कमी नाही. परवा फोनवर म्हणाली, "आई, तो कोथरूडला चार मुलांत खोली घेऊन राहतो. रात्री बऱ्याचदा वडापाववरच भागवतो. आता दुपारी आमच्यात डबा खायला बसतो. परवा मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलला." तो टिकेल की नाही, मला माहीत नाही. टिकून पुढं दुसरीकडं जाईल, तेही होईल. जाऊ दे.

आमच्याकडं हल्ली भांड्यांना येणाऱ्या बाईंची मुलगी अकरावीला आहे, कॉमर्सला. महिन्याचा दूध, भाजी, किराणा यांचा हिशेब मी तिच्याकडं सोपवलाय, पगार ठरवून. गेल्या महिन्यात तिचा मेळ चाळीस रुपयांनी चुकला. घाबरून माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "चूक वहीतच आहे. सावकाश शोध."

मैत्रिणींनो, पर्व संपलं, क्षमावाणीही झाली. तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात कुणी वही मागत असेल तर दिवाळीपर्यंत थांबू नका.

जय जिनेंद्र.